असेंबल्ड की ब्रँडेड? नागपूरच्या उन्हाळ्यासकट दहा महिने वापरल्यावर

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही नवा कॉम्प्युटर घेतला. आता डिसेंबर संपत आलाय. एवढ्या काळात त्यावर एकतीस लग्नांचं एडिटिंग झालं, एक अख्खा उन्हाळा गेला, एक रॅम खराब झाली आणि घराचं अर्थिंग नव्यानं करावं लागलं. घेण्याआधी मी ज्याला त्याला विचारत होते की कशात किती पैसे वाचतात. विचारायला हवं होतं ते वेगळंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. शूटिंग नवरा करतो, एडिटिंग मी करते, मानेवाड्याला घरीच, मागच्या खोलीत. जुना कॉम्प्युटर २०१६ चा, एका मोठ्या कंपनीचा ब्रँडेड. काही वर्षं त्यानं चांगली साथ दिली. मग ऐन सीझनमध्ये त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, गेला. मी कॉम्प्युटर उचलून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नेला, तर तिथल्या एकाही दुकानातला एसएमपीएस त्यात बसेना. एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणारा कनेक्टर साधारण २४ पिनांचा असतो, यात कंपनीचा स्वतःचाच काहीतरी वेगळा होता. डब्यातली जागाही वेगळ्या मापाची. कंपनीचा पार्ट यायला बावीस दिवस लागले. तेवढ्यात दोन लग्नांचं काम बाहेरून करून घ्यावं लागलं आणि त्या दोन्हींत आमच्या हाती काही उरलं नाही. काही मोठ्या कंपन्यांच्या डब्यांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात, हे मला तेव्हा कळलं.

पुढे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेलं होतं आणि त्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ चालणार नव्हतं. नवीन घेणं भाग होतं.

शोरूममध्ये मला जो ब्रँडेड दाखवला तो १ लाख ८ हजारांचा. आय५-१४४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज आणि एक वर्षाची घरपोच वॉरंटी. काउंटरवरचा मुलगा आपुलकीनं म्हणाला, "ताई, हेच घेऊन जा नं. काही बिघडलं तर आमचा माणूस घरी येते, तुम्हाला काही झंझट नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याचं म्हणणं किती मोलाचं आहे ते मला ऑगस्टमध्ये समजलं. पण तेव्हा माझी नजर त्या नावाच्या शेवटच्या 'एफ'वर अडली होती.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात 'एफ' असला की त्याच्या आत ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड आहेच, मग आतलं कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगांचे जास्त बारकावे ठेवून दाबून भरलेल्या व्हिडिओच्या प्रकारात, रेकॉर्ड करतो. हा प्रकार उलगडायचं काम आरटीएक्स ४०-मालिकेचं कार्ड करत नाही, इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला ते जमतं. ते नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअर्सवर येतो आणि टाइमलाइन अडखळत चालते. जे नवरा-नवरीच्या हार घालण्याच्या दोन सेकंदांसाठी दहा वेळा मागेपुढे करतात, त्यांना हे अडखळणं म्हणजे काय ते कळेल. म्हणजे शोरूममधला डबा वाईट नव्हता, गेमिंगला तो उत्तम झाला असता. माझ्या कामाला मात्र त्यातला नेमका एक पार्ट चुकीचा होता आणि तो बदलून मिळणार नव्हता.

म्हणून असेंबल, म्हणजे सुटे पार्ट घेऊन आपणच जोडलेला. आय५-१४५०० घेतला, 'एफ' नसलेला. सोबत बी७६० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम म्हणजे १६ च्या दोन पट्ट्या, तेच आरटीएक्स ४०६०, १ टीबी एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट आणि प्रोसेसरवर बसवायला वेगळा उंच कूलर. सगळं मिळून ८८ हजार ४००. विंडोजचं अधिकृत लायसन्स धरलं तर ९९ हजारांच्या आसपास. म्हणजे वाचले नऊ हजार, आणि त्या नऊ हजारांतून पुढे यूपीएस आणि अर्थिंग झालं. पैसे वाचवायला असेंबल करू नका, असं मी आता सरळ सांगते. त्याच पैशांत दुप्पट रॅम, दुप्पट एसएसडी आणि कामाला जुळणारा प्रोसेसर मिळाला, फायदा तो आहे.

पार्ट तीन दुकानांतून घेतले. प्रत्येक बिलावर पार्टचा सिरियल नंबर लिहून घेतला. एका दुकानात त्यासाठी वीस मिनिटं उभं राहावं लागलं, पण तो आग्रह सोडू नका.

जोडायला माझा भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुपारी जेवण करून बसलो ते दिवेलागणीपर्यंत. बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळाच. मी घाबरून बंद करायला निघाले तर तो म्हणाला, "आत्या, हात नको लावू. रॅम स्वतःला ओळखून राहिली." खरंच, डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिची जुळणी करत बसतो आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काही येत नाही. दोन मिनिटांनी चित्र आलं. ही दोन मिनिटं फार लांब वाटतात. ज्यांना हे माहीत नसतं ते मध्येच बंद करतात आणि पार्ट खराब निघाला म्हणून दुकान गाठतात.

त्यानंतर बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं कॉम्प्युटर सुरू करणारं सॉफ्टवेअर, अपडेट केलं, कारण इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेच्या तक्रारी होत्या आणि त्यावरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, २०२४ मध्येच आला होता. आमचा प्रोसेसर त्या वरच्या गटातला नाही, तरी करून घेतलं. बायोसमध्येच आतलं ग्राफिक्स चालू ठेवण्याचा पर्यायही शोधून लावावा लागला. वेगळं कार्ड बसवल्यावर काही मदरबोर्ड ते आपणहून बंद करतात, आणि मग ज्याच्यासाठी प्रोसेसर निवडला तेच मिळत नाही.

दुसऱ्याच दिवशी पेन ड्राइव्ह लावताना कॅबिनेटच्या कडेला मनगट लागलं आणि झिणझिण्या आल्या. मुंग्यांसारख्या, बारीक. टेस्टर लावला तर कॅबिनेटवर दिवा लागला. मला वाटलं एसएमपीएस खराब निघाला, दुकानदाराशी फोनवर वादही घातला. त्यानं शांतपणे सांगितलं की आधी घराचं अर्थिंग तपासा. त्याचं बरोबर होतं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी थोडा करंट कॅबिनेटवर येतो आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. आपल्या ओळखीत कित्येक घरांत "कॉम्प्युटरला थोडा करंट लागतो" असं सहज म्हणतात आणि पायात चप्पल घालून काम करतात. असं करू नका.

इलेक्ट्रिशियन आला. फेज आणि अर्थिंगच्या पिनमध्ये त्यानं शंभरचा बल्ब लावला, तर आतली तार जेमतेम लाल झाली. "ताई, अर्थिंगमधी दमच नाही," एवढंच म्हणाला. अंगणातला जुना खड्डा कोरडा ठणठणीत, पट्टी गंजून गेलेली. नवा पाइप, मीठ, कोळसा आणि मजुरी मिळून साडेचार हजार लागले. त्याच बल्बनं पुन्हा तपासलं, तेव्हा तो लख्ख पेटला. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला तो सांगून गेला, ते मी नेमानं करते. ब्रँडेड घेतला असता तरी हे लागलंच असतं.

आता उन्हाळा. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, म्हणजे लग्नांची दाटी आणि नागपूरचं ऊन एकाच वेळी. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पारा ४४ च्या पलीकडे गेला. आमच्याकडे एसी नाही, खिडकीत पाण्याचा कूलर आहे. फेब्रुवारीत खोली २६ अंशांवर असताना एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवायला, लावला की प्रोसेसर ७१ पर्यंत जायचा. एप्रिलमध्ये दुपारी चारला, कूलर चालू असून खोली ३४, तेव्हा तोच प्रोसेसर ८६. यात पार्टचा दोष नाही. हवेनं थंड होणारी वस्तू खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही, खोली तापली की तीही चढते. हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करतो. प्रोसेसरसोबत येणाऱ्या छोट्या पंख्यावर राहिले असते तर तिथवर पोचले असते, असं मला वाटतं.

इथे असेंबलचा खरा उपयोग झाला. या प्रोसेसरची नेहमीची मर्यादा ६५ वॅट आणि जोर लावताना १५४ वॅट. कित्येक मदरबोर्ड ही मर्यादा आपणहून आणखी वाढवून ठेवतात. मी बायोसमध्ये जाऊन ती ९५ वर आणली. जो एक्स्पोर्ट २० मिनिटांत व्हायचा त्याला दीड मिनिट जास्त लागलं आणि तापमान ७४ वर आलं. संपूर्ण उन्हाळा तसाच काढला आणि अजूनही ती मर्यादा बदललेली नाही.

पाण्याच्या कूलरचं मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला कॉम्प्युटर कूलरच्या अगदी समोर होता, गार हवा मिळेल म्हणून. पंधरा दिवसांत कॅबिनेटच्या जाळीवर पांढरा थर दिसला. आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार बारीक थेंबांबरोबर उडून येत होते. धूळ त्या ओलाव्यात भिजून फिल्टरवर नमद्यासारखी बसली होती, नखानं सोलून निघत होती. आत मदरबोर्डवर थर नव्हता, पण आणखी महिनाभर तसंच ठेवलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. कॉम्प्युटर आतल्या भिंतीकडे नेला, झोताच्या बाहेर, जमिनीवरून उचलून पाटावर ठेवला. दर रविवारी फिल्टर धुते आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावत नाही. यंदा मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तेव्हा खोलीत इतका दमटपणा झाला की कूलरचं पाणी बंद ठेवून नुसता पंखा चालवला.

यूपीएस १००० व्हीएचा आहे, ६०० वॅटचा. दुकानात ६०० व्हीए पुरेल म्हणत होते, पण तो ३६० वॅटच देतो. प्रोसेसर आणि ११५ वॅटचं कार्ड दोन्ही जोरात असताना मॉनिटर धरून काहीच शिल्लक राहत नाही. लाइन गेल्यावर काम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो, तेवढंच हवं होतं.

ऑगस्टमध्ये एक्स्पोर्ट चालू असताना निळी स्क्रीन येऊ लागली. आधी उष्णतेवर संशय घेतला, पण तापमान ६५. मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी भाच्यानं फोनवर मेमटेस्ट८६, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगितलं. ते रात्रभर लावलं. पहाटे उठून पाहिलं तर स्क्रीनवर लाल ओळीच ओळी. एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली, दुसरी खराब निघाली. कंपनीला पूर्ण जोडी हवी होती, म्हणून दोन्ही पट्ट्या द्याव्या लागल्या आणि काम अडू नये म्हणून १६ ची एक नवी विकत घेतली. बदलून यायला सतरा दिवस लागले. पैसे घेतले नाहीत, वादही झाला नाही. पण ते तीन दिवस, ती रात्र आणि सेंटरच्या दोन फेऱ्या माझ्या होत्या.

त्याच सुमारास नवऱ्याच्या मित्राच्या ब्रँडेड कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. तोही लग्नाचेच फोटो करतो. त्यानं फोन केला, दुसऱ्या दिवशी माणूस बोर्ड घेऊन घरी आला, संध्याकाळी काम सुरू. नेमकं काय बिघडलं हेसुद्धा मित्राला माहीत नव्हतं, आणि त्याला माहीत असायची गरजही नव्हती. शोरूममधला मुलगा जे विकत होता ते हे होतं. असेंबलमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी लांब असते, माझ्या एसएसडीची पाच वर्षं आहे, पण बिघाड कुठल्या पार्टमध्ये आहे हे शोधायचं काम आपलं. माझ्याकडे भाचा आहे आणि मला स्वतःला आता त्यातलं कळू लागलंय, म्हणून मला ते परवडलं. पुढचाही मी असेंबलच करीन.

आज घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी बदलल्या आहेत. आरटीएक्स ५०-मालिकेची कार्डं ४:२:२ उलगडतात, त्यामुळे 'एफ'चा प्रश्न आमच्यासारख्यांना तितका अडवणार नाही. आणि वर्षाच्या शेवटी रॅमचे भाव फार चढले. गेल्या आठवड्यात बर्डीवर ३२ जीबीच्या जोडीचा जो भाव सांगितला तो माझ्या बिलाच्या दुपटीहून जास्त होता. ऑगस्टमध्ये नाइलाजानं घेतलेली ती एक पट्टी मी कपाटात जपून ठेवली आहे.

धाकटी बहीण अमरावतीला असते. तिच्या मुलीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर हवाय, डिझाइनचं शिकतेय. घरात उघडून बघणारं कुणी नाही आणि बहिणीची नोकरी दिवसभराची. तिला मी ब्रँडेडच घ्यायला सांगितलं, तीन वर्षांची घरपोच वॉरंटी वेगळे पैसे भरून. पैसे देण्याआधी डबा उघडून दाखवायला लाव, रॅमची एक जागा रिकामी आहे का ते बघ आणि एसएमपीएसवरचा २४ पिनांचा कनेक्टर माझ्या फोटोशी ताडून पाहा, एवढं कळवलंय. डबा सोमवारी येणार आहे. अर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियन शनिवारीच बोलावलाय.