‘मठिबाव’ ते मिठबाव: लाइव्ह टायटल्सचा नऊ महिन्यांचा अनुभव

गावच्या कार्यक्रमांच्या थेट प्रक्षेपणात पडद्यावर नावं आणि धावफलक दाखवायला गेल्या वर्षीपर्यंत आम्ही वर्षाची वर्गणी भरून घेतलेलं टायटलिंगचं सॉफ्टवेअर वापरत होतो. नाव सांगत नाही, कारण इंग्रजीत काम करणाऱ्याला त्यात फारशी खोट सापडणार नाही. पण गावच्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेत मी संघाचं नाव ‘मिठबाव’ टाईप केलं आणि पडद्यावर ‘मठिबाव’ आलं. देवनागरीत पहिली वेलांटी टाईप होते अक्षरानंतर, पण दिसायला हवी अक्षराच्या आधी. तिला उचलून अलीकडे आणायचं काम सॉफ्टवेअरचं. ते झालं नाही की म ची वेलांटी ठ च्या डोक्यावर. मॅच चालू, थांबवणार कशी? सगळा डाव तीच पाटी राहिली. मुंबईत मोबाईल घेऊन बसलेल्या चाकरमान्यांनी चॅट भरून टाकलं. त्यातलं एक अजून लक्षात आहे: ‘गावाचा नाव बदलून टाकलंस मरे!’

त्यानंतर काही दिवस प्रत्येक नावाचं चित्र बनवून लावलं. संघांच्या नावांपुरतं ते चालतं. धावफलकाचं काय करणार?

म्हणून गणपतीपासून ओबीएस स्टुडिओ हे थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर आणि त्यातला ब्राउझर सोर्स. मालवण-देवगड पट्ट्यात डबलबारी (म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना), जत्रेतले दशावतार, क्रिकेट, दोन-तीन लग्नं असं मेअखेरपर्यंत सगळं यावरच केलं. ओबीएस मोफत आणि ओपन सोर्स आहे हे बहुतेकांना माहीत असतं. ब्राउझर सोर्सकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. ओबीएसच्या पोटात क्रोमियम ब्राउझर आहे; पारदर्शक पार्श्वभूमीचं साधं वेबपान बनवलं की तेच कॅमेऱ्याच्या चित्रावर टायटल म्हणून बसतं. आणि ब्राउझरला देवनागरी येते. वेलांटी, रफार, जोडाक्षरं सगळं जागच्या जागी. हा काही आमचा गावठी जुगाड नव्हे. स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीनं बनवलेलं कॅस्परसीजी हे टायटलचं सॉफ्टवेअरसुद्धा एचटीएमएलची, म्हणजे वेबपानाच्या भाषेतली, टेम्प्लेट चालवतं.

पानावर भाषा मराठी म्हणून नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श सुद्धा आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. हे कुणी मागितलं नव्हतं. पण एका निवृत्त गुरुजींनी ते पाहिलं आणि मुद्दाम येऊन सांगितलं. नऊ महिन्यांत टायटलबद्दल मिळालेली ही एकमेव शाबासकी.

आता ठेचा. पहिली ठेच आकाराची. ब्राउझर सोर्स जोडला की आकार आपसूक ८०० बाय ६०० येतो. मी तो तसाच कोपरे धरून ताणला आणि अक्षरं धूसर का दिसतात म्हणून दोन दिवस फॉन्ट बदलत बसलो. तिथे १९२० बाय १०८० भरायचं, एवढंच. दुसरी ठेच फॉन्टची. फॉन्ट इंटरनेटवरून येईल असा जोडला होता. माळावर नेट गेलं, लॅपटॉप नव्यानं चालू केला आणि आमची जाडजूड अक्षरं जाऊन विंडोजचा निर्मला बारीक तोंड करून बसला. तेव्हापासून फॉन्ट, लोगो, सगळं लॅपटॉपवरच. तिसरी ठेच माझीच. ओबीएसमध्ये मैदान, जाहिरात असे वेगवेगळे सीन लावून ठेवतात; ‘सीन चालू झाला की पान रिफ्रेश करा’ या अर्थाची एक खूण असते, ती केलेली राहिली. जाहिरात लावून परत मैदानावर आलो तर ५४ धावांवर ४ गडी असलेला संघ शून्यावर शून्य. भाचा धावफलक सांभाळतो, तो फक्त एवढंच म्हणाला, ‘मामा, टॉस परत करूया काय?’ आता प्रत्येक चेंडूनंतर आकडे पानातच साठवले जातात आणि ती खूण काढलेली आहे.

भाच्याचा बटणांचा फलक ओबीएसच्या खिडकीतच डॉक म्हणून, म्हणजे बाजूच्या चौकटीत, बसवलाय. एक, दोन, चौका, गडी बाद, आणि सगळ्यात मोठं बटण ‘चुकलं, मागे’. डॉकमधलं पान आणि पडद्यावरचं पान आपसात बोलतात, मधे इंटरनेट लागत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नाव दुरुस्त करायचं तर टायटल खाली उतरवा, उघडा, बदला, पुन्हा चढवा. इथे टाईप केलं की पडद्यावर.

डबलबारीच्या रात्री याची किंमत कळते. समिती नावं देते ती चिठ्ठीवर, नाहीतर छापील पत्रिकेची फाईल पाठवते. ती फाईल डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधली, सगळीकडे सारखं वाचलं जाणारं युनिकोड नाही; चिकटवली की ‘ßÖê’ छापाचं काहीतरी उमटतं. सगळं हातानं टाईप करा. पहिले बुवा, त्यांचा पखवाज, झांज, कोरस. मग दुसरे बुवा. त्यात ऐनवेळी पखवाजाला भलताच माणूस बसतो, कारण ठरलेला दुसऱ्या गावच्या बारीला अडकलेला. बुवांचं नाव चुकलं तर बुवा काही बोलत नाहीत, समोरच्या बाजूचे बुवा गजरात बोलतात. गौळण संपेपर्यंत नाव बदललेलं असावं लागतं, आणि ते आता बदलतं.

‘दुसऱ्या’ शब्दानंही छळलं. काही कीबोर्डवर हे अर्धं र एका न दिसणाऱ्या जोडचिन्हानं बनतं. एक्सेलमधून यादी साफ करताना ते चिन्ह उडालं आणि पाटीवर ‘दुसर्या बारीचे मानकरी’ आलं, सूर्यातल्या र्यासारखं. नुक्ता असलेला ऱ वापरून टाईप केलं की हा प्रश्न येत नाही. यादी कुणाकडूनही आली तरी मी आधी ‘र्‍य’ शोधून बदलून घेतो.

तयार टेम्प्लेट उतरवून घेणाऱ्यांना तीन गोष्टी आधीच सांगतो. एकेक अक्षर टाईप होत येणारी ॲनिमेशन काढून टाका. ती रोमनसाठी केलेली असतात, आपल्याकडे नुसतं अक्षर आधी येतं आणि वेलांटी मागाहून. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि नाव दातपडक्यासारखं दिसतं. आणि पाटीची उंची वाढवा. इंग्रजीच्या मापाच्या पाटीत ‘कुर्ली’चा उकार खाली कापला जातो आणि रफार वर.

रंगांवरून समितीशी दरवेळी वाद. त्यांना लाल अक्षरं हवीत, निळ्या पट्टीवर. व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, पण रंगाची आडवी-उभी निम्म्याच तपशिलात साठवतात. त्यामुळे लाल-निळ्याच्या कडा माखतात. त्यात आमच्याकडे माळावर फोनच्या नेटवर जेमतेम ७२० चं चित्र धड जातं. गडद पट्टीवर पांढरी जाड अक्षरं, लाल फक्त कडेच्या रेघेला. लाल दिलंय म्हणून समितीही खूश.

दशावताराला टायटल सुरुवातीला मंडळाचं आणि आख्यानाचं, बस. संकासुर समोर उभा असताना खाली पट्टी सरकवणाऱ्याला काय म्हणावं!

कार्यक्रमाच्या जागी लावलेल्या एलईडी पडद्याची सोयही चांगली निघाली. तीन कॅमेरे स्विचरला (कोणता कॅमेरा दाखवायचा ते निवडायचं यंत्र), स्विचर यूएसबीनं लॅपटॉपला. टायटल लॅपटॉपमध्ये चढत असल्यानं स्विचरमधून पडद्याकडे जाणारं चित्र कोरंच राहतं. क्रिकेटला धावफलकासकट हवं असेल तर ओबीएसमधलं तयार चित्र पूर्ण पडदाभर दाखवणारा ‘फुलस्क्रीन प्रोजेक्टर’ लॅपटॉपच्या दुसऱ्या आउटपुटवर टाकायचा.

तक्रारी आहेत. प्रत्येक ब्राउझर सोर्स म्हणजे क्रोमची एक टॅब. सुरुवातीला प्रत्येक सीनमध्ये वेगळा सोर्स टाकून ८ जीबीचा लॅपटॉप गुदमरवला होता. आता एकाच पानात सगळी टायटल्स आणि तोच सोर्स सगळ्या सीनमध्ये. देणगीदारांची सरकती पट्टी मात्र अजूनही मधेच अडखळते. वेग फ्रेमच्या हिशेबात बसवला, थोडं सुधारलं, पूर्ण नाही. आणि रात्री अकरा वाजता काही अडलं तर फोन करायला कुणी नाही. पैसे देऊन घेतलेल्यात निदान कुणीतरी ईमेलला उत्तर द्यायचं, दुसऱ्या दिवशी का होईना.

एचटीएमएलचं नाव काढताच ज्याला घाम फुटतो त्यानं या वाटेला एकट्यानं जाऊ नये. मला दोन आठवडे लागले, तेही भाचा बारावीची परीक्षा देऊन रिकामा होता म्हणून. फक्त इंग्रजी नावं आणि लग्नाची फुलाफुलांची टायटल्स करणाऱ्यानं तयार सॉफ्टवेअरच घ्यावं, ते देखणं असतं आणि वेळ वाचतो. मराठी नावं थेट प्रक्षेपणात बदलायची असतील तर मात्र मी मागे फिरणार नाही.

आता लॅपटॉप सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात, कॅमेरेही. गणपतीच्या आधी सरकत्या पट्टीचं काहीतरी करायचंय. मिठबावच्या संघानं पुढच्या हंगामाचं बोलणं आत्ताच करून ठेवलंय. त्यांची एकच अट आहे आणि ती त्यांनी कागदावर लिहून दिलीय, वेलांटीला लाल गोल करून.