हेस्केट न्यूमार्केटचा ‘ओल्ड क्राउन’: गावाने विकत घेतलेला पब

इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यात, लेक डिस्ट्रिक्टच्या उत्तर कडेला, हेस्केट न्यूमार्केट हे अगदी लहान गाव आहे. मध्ये हिरवळीचा लांबट पट्टा, दुतर्फा जुनी दगडी घरे आणि एकेकाळी येथे बाजार भरत असे याची खूण सांगणारा खांबांवरचा छोटा मांडव. आपल्याकडे पारावर बसून जे बोलले जाते, ते येथे ‘ओल्ड क्राउन’ या पबमध्ये बोलले जाते, आणि तो टिकला आहे तो गावकऱ्यांमुळेच.

२००३ साली हा पब विक्रीला निघाला, तेव्हा तो परक्या हाती जाऊ नये म्हणून सुमारे सव्वाशे जणांनी प्रत्येकी १,५०० पौंड घालून तो विकत घेतला. ब्रिटनमधील पहिला सहकारी पब म्हणून त्याची ओळख आहे. हे धाडस अचानक आले नव्हते. पबच्या मागील जुन्या कोठारात १९८८ साली सुरू झालेली ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा छोटा कारखाना, गावकऱ्यांनी १९९९ मध्येच अशीच सहकारी तत्त्वावर घेतली होती. प्रवरानगरचा साखर कारखाना ज्यांना माहीत आहे, त्यांना एका सभासदाला एक मत ही रीत नवी वाटणार नाही. मात्र येथे संस्था रोजचा कारभार स्वतः न पाहता पब चालवायला देते, आणि मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण मालकी गावाची राहते आणि मुदपाकखान्यात सव्वाशे जणांचा हस्तक्षेप होत नाही.

येथील बिअरना आसपासच्या डोंगरांची नावे आहेत: हाय पाइक, स्किडॉ, ब्लेनकॅथ्रा. दिवसभर ज्या डोंगरावर पाय दुखवले, त्याच्याच नावाचा पेला संध्याकाळी हाती यावा, हे सुख मला फार मोलाचे वाटते. ही पिंपातून हातपंपाने ओढलेली एल, म्हणजे पारंपरिक इंग्लिश धाटणीची बिअर, असते. ती तळघराच्या गारव्याइतकीच थंड आणि कमी फसफसणारी लागते. बर्फगार लागर बिअरची सवय असलेल्यांनी पहिल्या घोटावर मत बनवू नये, कारण कडवटपणामागची धान्याची चव हळूहळूच उलगडते.

खोल्या लहान आहेत, त्यामुळे मोठ्या गटाने जाणे टाळावे. पेनरिथ किंवा कार्लाइलहून मोटारीने येणे सोयीचे. परतीला न पिणारा चालक ठरवून ठेवावा, आणि जमल्यास शेगडीजवळची जागा धरावी.