आमच्या तालुक्यातली गॅस एजन्सी: टाकी वजन करूनच घ्या

या एजन्सीत माझं कनेक्शन सतरा वर्षांपासून आहे आणि आईचं उज्ज्वलाचं 2017 पासून. एका दिवसाच्या रागातून लिहीत नाही. पाचपैकी दोन तारे देतेय.

गॅसच्या भावाबद्दल एजन्सीला बोल लावणार नाही. काउंटरवरच्या पोराला लोक तावातावाने बोलतात, पण भाव तो ठरवत नाही. 2020 च्या उन्हाळ्यापासून आपल्यासारख्यांच्या खात्यात सबसिडी येणं जवळपास बंदच झालं. 2023 मध्ये मुंबईत टाकी 1102 रुपये 50 पैशांवर गेली, त्या ऑगस्टच्या शेवटी 200 रुपयांनी उतरली, मार्च 2024 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर आणखी 100 ने, आणि एप्रिल 2025 मध्ये 50 परत चढले. हे सगळं दिल्लीत ठरतं. पण टाकीत गॅस पुरता आहे का, हे एजन्सीने बघायचं असतं.

दिवाळीच्या आधी आलेली टाकी मला उचलतानाच हलकी वाटली. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. माझ्या टाकीवर 15.3 होतं. त्यात 14.2 किलो गॅस धरला की 29.5 व्हायला हवं. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायलाच हवा, त्याच्याकडे नव्हता. खालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, तर भरली 28.1. "काकू, सील बघा की, फोडलेलं नाही," तो म्हणाला. सील खरंच शाबूत होतं. पण एक किलो चारशे ग्रॅम कमी म्हणजे पंच्याऐंशी रुपयांचा गॅस गेला. मोबाईलवर आलेला कोड मी दिला नाही, तेव्हा संध्याकाळी टाकी बदलून मिळाली. एजन्सीचं उत्तर एवढंच, "वरूनच तशी येते." वरून तशी येत असेल तर गोडाऊनलाच तोलून परत पाठवा ना. ज्यांच्या घराखाली किराणा दुकान नाही त्यांनी काय करायचं?

पावतीवरच्या रकमेत घरपोच आणून देण्याचे पैसे धरलेले असतात, तरी दर वेळी वर पन्नास मागतात. जिने चढून तो पोरगा घामाघूम होतो, त्याला मी चहापाणी विचारते. त्याचा पगार मात्र मालकाने द्यायचा, बिनपावतीचा माझ्याकडून नाही.

माझा खरा जीव तुटला तो आईच्या केवायसीच्या वेळी. आई अडुसष्ट वर्षांची, जन्मभर खुरपणी केलेली. बोटांच्या रेषाच राहिलेल्या नाहीत, मशीन अंगठा घेईना. दोनदा "परत या" सांगून पाठवलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, पण हजेरी बुडायची ती बुडालीच. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले. काउंटरवर एक नवीन मुलगी होती. तिने मोबाईल आईच्या तोंडासमोर धरला, "आजी, जरा डोळे मिचकवा" म्हणाली, आणि दोन मिनिटांत काम झालं. ही सोय पहिल्या दिवशी का सांगितली नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

2025-26 साठी आईला उज्ज्वलाचे टाकीमागे 300 रुपये ठरले होते, नऊ टाक्यांपर्यंत. पण आधी पूर्ण रक्कम मोजायची, 300 मागाहून खात्यात. एवढे पैसे एकदम हातात नसले की आई टाकी सांगतच नाही. भाकऱ्या तुराट्यांवर, चुलीत, आणि गॅस फक्त चहाला नि पावसाळ्यात. योजना कागदावर चांगली आहे, पण गावी गेले की आईचे लाल डोळे मला बघवत नाहीत.

दोन तारे कशाचे, तेही सांगते. बुकिंग केल्यावर दोन दिवसांत टाकी येते, सणासुदीलाही. आणि एकदा रात्री साडेनऊला वास यायला लागला, मी 1906 ला फोन केला, तर अर्ध्या तासात यांचा मेकॅनिक दारात हजर. व्हॉल्व्हमधला रबरी वायसर बदलला, साबणाच्या पाण्याने तपासून दाखवलं, एक पैसा घेतला नाही.

आईची पुढची टाकी मीच बुक केली आहे, पैसेही भरलेत. ती येईल त्या दिवशी मी गावी जाणार आहे. किराणावाले भाऊ त्यांचा काटा न्यायला देतो म्हणालेत.