ऑलदो, डिस्पाइट, ईव्हन इफ: सफारीच्या गाडीत आठ महिने वापरून

मी ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर गाइड आहे. आमच्या कामात 'तरी'शिवाय पान हलत नाही. वाघ दिसला नाही तरी जंगल बघा, ऊन आहे तरी पाणवठ्यावर थांबू. मराठीत हे आपोआप तोंडी येतं, इंग्रजीत मात्र नेमकं इथेच अडायचं. म्हणून १ ऑक्टोबरला कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, उघडल्यापासून मे संपेपर्यंत 'तरी'साठीचे हे इंग्रजी शब्द रोज ठरवून वापरले. खिशातल्या डायरीत एक वाक्य लिहायचं, फेरीत ते बोलायचं, रात्री फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं.

सगळ्यात चिवट निघाली ती जरी-तरीची सवय. आपल्याकडे जोडी लागते, म्हणून मी 'ऑलदो इट इज हॉट, बट वुई विल वेट' म्हणायचो. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतो. ऑलदो घेतला की बट सोडायचा. हे जिभेवर बसेपर्यंत दिवाळी होऊन गेली.

डिस्पाइट मी कमी वापरतो. त्याच्यामागे 'ऑफ' लागत नाही, तो 'इन स्पाइट'चा. आणि पुढे कर्ता-क्रियापदाचं वाक्य चालत नाही: 'डिस्पाइट द हीट' किंवा 'डिस्पाइट वेटिंग टू अवर्स' असंच म्हणावं लागतं. बोलण्याच्या ओघात एवढी जुळवाजुळव मला जमत नाही. तिथे ऑलदो बरा.

खरा धडा जानेवारीत मिळाला. बांबूच्या रांजीपलीकडे चितळाचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, सुरू झाला, वरून वानरंही ओरडू लागली. वाघ कितीही जवळ आला तरी आवाज करू नका, हे मला पाहुण्यांना सांगायचं होतं. मी म्हणालो, 'ईव्हन दो द टायगर कम्स क्लोज, प्लीज स्टे क्वाएट.' चौघांनी कॅमेरे वर केले. वाघ येणारच, असं त्यांनी धरलं. पाऊण तास गेला, कॉल थांबले, वाघ आला नाही. परतताना एकजण नाराजीनं म्हणाले, तुम्ही तर खात्रीनं सांगितलं होतं. ड्रायव्हरनं मला हळूच विचारलं, "काय सांगतलं भाऊ पाहुण्यायले?"

ईव्हन दो म्हणजे गोष्ट खरीच आहे, ईव्हन इफ म्हणजे घडेल किंवा घडणार नाही. आपलं 'आला तरी' पुढच्या अंदाजाला चालतं आणि 'आला होता तरी' घडून गेलेल्याला. फरक क्रियापदात असतो, 'तरी' तोच राहतो. इंग्रजीत तो शब्दच बदलतो. जंगलात ही चूक महाग पडते, कारण आमच्या शब्दावर लोक आशा बांधतात.

सगळ्यात आवडला तो वाक्याच्या शेवटी येणारा दो. मार्चमध्ये परदेशातल्या एक आजी रिकाम्या फेरीनंतर म्हणाल्या, 'नो टायगर. लव्हली मॉर्निंग, दो.' मला वाटलं, हिंदीत दोन म्हणताहेत, अजून दोन फेऱ्या हव्यात की काय. गेटवर त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं: आधी वाईट सांगायचं, मग चांगलं सांगून शेवटी हलकेच दो ठेवायचा. तेव्हापासून पारा ४५च्या पुढे गेलेल्या दुपारी मी तोच वापरतो, 'व्हेरी हॉट. गुड टाइम फॉर वॉटरहोल्स, दो.' पाहुणे शांत बसतात, थांबायला तयार होतात.

१ जुलैपासून कोअर बंद होतो. त्या तीन महिन्यांत गावातल्या नव्या गाइड पोरांना हे शिकवायचं ठरवलंय. सुरुवात ऑलदोपासून करणार नाही, ईव्हन इफपासून करीन.