हूगार्डन की सेंट बर्नार्डस विट?

धणे आणि संत्र्याची साल घालून केलेली बेल्जियन गव्हाची बिअर, म्हणजे विटबिअर, पहिल्यांदाच घेऊन पाहायची असेल तर माझ्या मते निवड दोन नावांत आहे: हूगार्डन आणि सेंट बर्नार्डस विट. दोन्ही बेल्जियमच्या, दोन्ही गढूळ, फिकट पिवळ्या. विशेष म्हणजे दोन्हींमागचा माणूसही एकच. पण चवीत त्या इतक्या वेगळ्या आहेत की एक आवडली म्हणून दुसरी आवडेलच असं नाही.

तो माणूस म्हणजे पिएर सेलिस. हूगार्डन हे फ्लेमिश ब्राबांटमधलं गाव पूर्वी गव्हाच्या बिअरसाठी ओळखलं जायचं. तिथली अशी बिअर करणारी शेवटची ब्रुअरी, टॉमसिन, 1950च्या दशकात बंद पडली. सेलिस व्यवसायाने दूधवाला. तरुणपणी त्याने त्या ब्रुअरीत हाताखाली काम केलं होतं, म्हणून कृती त्याला ठाऊक होती. 1966च्या सुमारास त्याने ती बिअर पुन्हा सुरू केली. 1985 साली त्याच्या ब्रुअरीला आग लागली, उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा आला आणि पुढे ब्रुअरीही त्याच कंपनीची झाली. सेलिस अमेरिकेत गेला, ऑस्टिनमध्ये 1992 साली नवी ब्रुअरी काढली. नंतर वेस्ट फ्लँडर्समधल्या वाटू गावच्या सेंट बर्नार्डस ब्रुअरीने आपली विट तयार केली, तीही त्याच्याच मदतीने. त्यामुळे या दोन बाटल्या शेजारी ठेवून पिताना एकाच माणसाच्या कल्पनेची दोन रूपं समोर येतात.

हूगार्डनमध्ये अल्कोहोल 4.9 टक्के. ग्लास नाकाजवळ नेताच मसाला पुढे येतो: आधी संत्र्याची साल, तिच्या मागोमाग नुकत्याच भरडलेल्या धण्यांचा लिंबासारखा गंध. पहिला घोट हलका, किंचित गोड, आणि लगेच बारीकसा आंबटपणा. कडवटपणा जवळपास नाहीच. चव तोंडात फार रेंगाळत नाही. काहींना यात ती पातळ वाटते, मला मात्र हाच तिचा गुण वाटतो. तहान लागलेली असताना जड बिअर नको असते, आणि हूगार्डनचा दुसरा घोट पहिल्याइतकाच ताजा लागतो. मोठ्या कंपनीकडे गेल्यावर ती बिघडली असं ठामपणे सांगणारे भेटतात. पूर्वीची चव माझ्या जिभेवर नाही, त्यामुळे तो वाद मी घालत नाही. आजची बिअर मला स्वच्छ आणि नेमकी वाटते, आणि दर वेळी ती तशीच मिळते.

सेंट बर्नार्डस विट 5.5 टक्के. आकड्यातला फरक थोडा, पण तोंडात तो ठळक जाणवतो. फेस दाट, बराच वेळ टिकणारा. वासात मसाला आहे, पण तो एकटा नाही. आंबवलेल्या कणकेसारखा यीस्टचा वास, थोडा मध, थोडी मिरी. घोट घेतला की आधी गव्हाचा मऊपणा लागतो. विटबिअरमध्ये माल्ट न केलेला कच्चा गहू मोठ्या प्रमाणात असतो. त्यातली प्रथिनं आणि स्टार्च बिअरला गढूळपणा देतात, तसा हा मऊपणाही देतात, आणि तो इथे पुरेपूर भेटतो. धणे मधल्या टप्प्यावर उमलतात, संत्र्याची साल शेवटी थोडी कडवट होऊन येते, मग सगळं कोरडं होतं. मसाला कुठे संपतो आणि यीस्ट कुठे सुरू होतं हे शोधत बसावंसं वाटतं. चवीचा निकाल द्यायचा तर माझं मत निःसंशय हिच्या बाजूने.

तरी प्रत्येकाला मी तीच घ्या म्हणणार नाही. बिअरचा कडवटपणा ज्यांना मुळात आवडत नाही, त्यांनी हूगार्डनपासून सुरुवात करावी. उकाड्यात, गप्पा मारताना, फारसं लक्ष न देता प्यायची असेल तरीही तीच. जेवणासोबत हवी असेल तर सेंट बर्नार्डस. शिंपले, मासे, मऊ चीज यांच्यापुढे ती टिकते, हूगार्डन तिथे जरा मागे पडते.

या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे ताजेपणा. धणे आणि सालीतली सुगंधी तेलं काळानुसार उडत जातात. जुन्या विटबिअरमध्ये साल शिळी लागते, धण्यांना साबणासारखी चव येते. मुरवत ठेवण्याची ही बिअर नव्हेच. म्हणून बाटलीवरची तारीख आधी बघा. ताजी हूगार्डन आणि मुदत संपत आलेली सेंट बर्नार्डस समोर असतील, तर डोळे मिटून हूगार्डन उचला.

अमेरिकेतली ब्लू मूनही याच घराण्यातली, 1995 सालची, 5.4 टक्क्यांची. तिच्यात ओट आहे, त्यामुळे ती गुळगुळीत लागते, आणि संत्रं अधिक गोडसर. गोड आवडत असेल तर ठीक, पण विटबिअरची ओळख करून घ्यायला मी ती पहिली निवडणार नाही. केळं आणि लवंगेच्या वासाची गव्हाची बिअर आठवत असेल, तर ती जर्मन हेफेवायझन. तिच्यात मसाला घालत नाहीत, तो वास यीस्टच निर्माण करतं. ती शोधत असाल तर या दोन्ही बाटल्या निराश करतील.

दोन्ही एकत्र चाखणार असाल तर आधी हूगार्डन घ्या, उलट क्रमाने ती पाण्यासारखी लागते. हूगार्डन चांगली गार चालते. सेंट बर्नार्डस मात्र फ्रिजमधून थोडी आधी बाहेर काढा, फार थंडीत तिचं यीस्ट गप्प बसतं. दोन-तृतीयांश बाटली ओतून झाली की उरलेली हलकेच गोल फिरवा आणि तळाचा गाळही ग्लासात घ्या. लिंबाची फोड पहिल्या ग्लासात नको. तिने फेस लवकर बसतो आणि ज्या सालीसाठी ही बिअर घेतली तिचाच वास झाकला जातो.