दातांचा दवाखाना: अवजारांना पैकीच्या पैकी, खुर्चीला नाही

रूट कॅनालसाठी चार वेळा जाणं झालं आणि दरवेळी माझं लक्ष स्वच्छतेवरच होतं, कारण नुसतं धुणं, डिसइन्फेक्ट करणं (बहुतेक जंतू मारणं) आणि स्टरलाइज करणं (सगळेच जंतू मारणं) ह्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. अवजारं आधी घासून धुतात (रक्त चिकटलेलं राहिलं तर पुढचं सगळं फुकट), मग पाऊचमध्ये सील करून ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेचं यंत्र), 134 डिग्री वाफेत, म्हणजे चिवट स्पोअर्सपण (काही जंतूंची कवचातली सुप्त रूपं) मरतात. स्पिरिटने पुसून ते मरत नाहीत हो! पाऊच माझ्यासमोरच फाडला, वरच्या पट्टीचा रंग बदललेला दाखवला. तेवढ्यावर स्टराइल झालंच असं नाही, पट्टी फक्त उष्णता लागली एवढंच सांगते, म्हणून स्पोअर टेस्टबद्दल (यंत्रात स्पोअर्स खरंच मरतात का, ती तपासणी) विचारलं तर असिस्टंट ताईंनी न चिडता रजिस्टरच पुढे ठेवलं. फार बरं वाटलं.

खटकलं ते खुर्चीचं. आधीचा पेशंट उठला, फवारा मारला आणि लगेच कोरडं पुसलं. अहो, ते औषध बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओलं राहायला हवं ना! लाइटच्या हँडलला तर फडकं लागलंच नाही, आणि डॉक्टर ग्लोव्हजने तेच धरतात. सांगितल्यावर पुढच्या वेळी हँडलला प्लास्टिक कव्हर दिसलं. चार स्टार.