टाटा २०७चं सेंटर बेअरिंग : एक पावसाळा आणि एक गूळ हंगाम वापरल्यानंतर

आमची टाटा २०७ डीआय २००९ची, सेकंडहँड घेतलेली. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गूळ भरायचा, आंबा घाट उतरून रत्नागिरीकडं जायचं आणि येताना मिळेल तो माल, बऱ्याचदा जांभा चिरा, घेऊन वर यायचं, हे तिचं काम. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडं नेणाऱ्या दांड्याचं, मधलं (सेंटर) बेअरिंग बदललं. त्यानंतर आख्खा पावसाळा गेला, गुळाचा हंगामही जवळजवळ संपला. बेअरिंग बसवल्या दिवशी सगळ्यांचंच गोड चालतं, म्हणून इतके महिने थांबून लिहितोय.

पहिली गोष्ट आधीच सांगतो. जुन्या पिकअपला हे बेअरिंग गाडीचं नाव सांगून मागू नका. शाफ्ट उतरवा, माप घ्या आणि मापावर मागा. आमची अडचण तिथंच सुटली.

त्रास असा होता. चिरा भरून साखरप्याकडून घाट चढताना थांबावं लागलं आणि पुन्हा पहिल्या गिअरात क्लच सोडला, की पायाखाली धडधड व्हायची. गाडीनं जरा वेग धरला की थांबायची. दुसरा त्रास सपाटीवरचा. चाळीसच्या पुढं गेलं की बुडातून घूंऽऽ असा आवाज, वेगाबरोबर वाढत जाणारा. दोन्ही एकाच जागेतून येत होते, पण कारणं दोन होती.

सुटतानाची धडधड बहुतेक वेळा बेअरिंगच्या भोवतीच्या रबराची असते. भरल्या गाडीत जोर लागला की मागचा एक्सल कमानीच्या पाट्यांवर किंचित पिळतो, डिफच्या (एक्सलवरच्या डिफरन्शिअल गिअरपेटीच्या) तोंडाचा कोन बदलतो आणि शाफ्ट मधेच उसळायला बघतो. ती उसळी रबरानं गिळायची असते. रबर फाटलं किंवा ढिलं झालं, की बेअरिंग धरणारं ब्रॅकेट थेट चेसिसच्या आडव्या मेंबरला हादरे देतं. वेगाबरोबर वाढणारा घूं मात्र बेअरिंगमधल्या गोळ्यांचा. तो ओळखायला मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी वेगात घेऊन क्षणभर न्यूट्रल करायची. इंजिनाचा आवाज खाली बसला तरी घूं तसाच राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या मागं आहे : शाफ्ट, डिफ, नाहीतर चाकाचं बेअरिंग. अॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर आवाजाचा सूर बदलला तर आधी डिफवर संशय घ्या. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलला तर टायर बघा. आमचा कशानंच बदलत नव्हता. आणि गिअर टाकताना एकच खट्ट असा ठोका येत असेल, तर तो बेअरिंगचा नसून बहुतेक क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या कोनात फिरणाऱ्या सांध्याचा, असतो. लोक त्या ठोक्यासाठी बेअरिंग बदलतात आणि ठोका तिथंच राहतो.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, न्यूट्रल करून शाफ्ट हातानं फिरवला. बेअरिंगमधून वाळू चावल्यासारखी करकर हाताला लागत होती. रबर एका बाजूनं फुगून मऊ पडलं होतं, बोटानं दाबलं तर काळं लागायचं. कारण वर बघितल्यावर दिसलं. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचं ऑइल सील गळत होतं आणि ते तेल शाफ्टवरून उडत मागं येत होतं. तेल लागलं की रबर फुगतं, त्याचा ताण जातो. सील न बदलता नुसतं बेअरिंग घातलं असतं तर नवं रबरही त्याच वाटेनं गेलं असतं.

आता शोधाशोध. चेसिस नंबरवरून काढलेला पार्ट दुकानातून आणला आणि शाफ्टशेजारी ठेवला. ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर जुळलं, पण बेअरिंगचं भोक आमच्या शाफ्टच्या सीटपेक्षा, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागेपेक्षा, लहान. आधीच्या मालकानं कधीतरी स्क्रॅपमधून दुसरा पुढचा शाफ्ट टाकला होता. पंधरा-सोळा वर्षं हमालीत घातलेल्या गाडीच्या बाबतीत हे काही नवल नाही. कॅटलॉग गाडीचा असतो, तुमच्या गाडीवर आत्ता जे बसलंय त्याचा नसतो. दुकानदारानं पार्ट परत घेतला, हे त्याचं चांगुलपण. पण दुसऱ्या एका दुकानात मिळालेला सल्ला ऐकून वाईट वाटलं : "जवळपासचं घ्या, पॉलिश पेपर मारून बसवा." प्रोपेलर शाफ्टवर असलं काही करायचं नसतं.

म्हणून मी माझ्या गाडीचा बेअरिंग नंबर इथं मुद्दाम देत नाही. तुमच्या २०७ला तोच लागेल असं नाही. माप कसं काढायचं ते सांगतो. शाफ्टच्या सीटचा व्यास मायक्रोमीटरनं, बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी व्हर्निअरनं. बेअरिंगवर नंबर वाचता आला तर निम्मं काम झालं. ६२०६ असेल तर शेवटच्या ०६ला पाचानं गुणा, ३० मिमीचं भोक. ६२०७ म्हणजे ३५ मिमी भोक, बाहेरून ७२, रुंदी १७. ६२०८ म्हणजे ४०, ८० आणि १८. ६३०६चं भोक ६२०६सारखंच ३०चं, पण बाहेरून ते ६२ऐवजी ७२चं आणि रुंदीला १६ऐवजी १९चं. त्यामुळं नुसतं भोक जुळलं म्हणून खूश होऊ नका. काही शाफ्टना आतली रिंग एका बाजूला लांब असलेलं खास बेअरिंग असतं, तिथं साधं ६२ मालिकेतलं चालत नाही.

नंबरामागच्या अक्षरांवर आमच्याकडं कुणी लक्ष देत नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. झेडझेड किंवा २झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. ती आतल्या रिंगेला टेकत नाहीत, बारीक फट राहते, आणि घाटातलं पावसाचं पाणी त्या फटीतून आत जातंच. आपल्याला रबरी टेकणारं सील हवं. एसकेएफवर ते २आरएस१ असं लिहिलेलं असतं, एनटीएनवर एलएलयू, एनएसकेवर डीडीयू. वस्तू तीच, अक्षरं वेगळी. सील टेकतं म्हणून गरम होईल, अशी भीती एका मेकॅनिकनं घातली. हिशोब करून बघा. चाकाचा घेर सव्वादोन मीटर आणि डिफ चार पटीचं धरलं, तर ताशी ६० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला अठराशे फेऱ्यांच्या आसपास फिरतो. या मापाच्या सीलबंद बेअरिंगला ते काहीच नाही. शेवटचं सी३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त. जुन्या बेअरिंगवर सी३ असेल तर नवंही सी३च घ्या.

बाजारात ही वस्तू तीन तऱ्हेनं मिळते : नुसतं बेअरिंग, रबरासकट बेअरिंग आणि ब्रॅकेटसकट पूर्ण सेट. नुसतं बेअरिंग सगळ्यात स्वस्त, पण जुन्या रबरात ते घालणं म्हणजे निम्मं काम. पूर्ण सेट घेताना आणखी एक माप बघावं लागतं आणि ते कुणी विचारत नाही : ब्रॅकेटच्या बसणाऱ्या तोंडापासून बेअरिंगच्या मध्यापर्यंतची उंची. तिथं काही मिमीचा फरक पडला तर शाफ्टचा मधला सांधा तेवढा वर किंवा खाली येतो, दोन्ही क्रॉसचे कोन बदलतात आणि गाडी नव्या पार्टवरही थरथरते. आमचं ब्रॅकेट सरळ होतं, म्हणून ते ठेवलं आणि मापाचं रबर व एसकेएफचं बेअरिंग वेगवेगळं घेतलं. रबर भरीव न घेता घडीचं घेतलं. भरीव रबर टिकतं जास्त, पण सगळी थरथर केबिनमध्ये पाठवतं. नामांकित बेअरिंगच्या नकला सर्रास मिळतात, त्यामुळं अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावरच घेतलं. एसकेएफचं अस्सल-नक्कल तपासायचं अॅपही आहे, त्यावर खोक्याचे आणि बेअरिंगवरच्या खुणांचे फोटो पाठवता येतात. बिनानावाच्या मालापेक्षा पैसे बरेच जास्त गेले. त्याचं वाईट वाटलं नाही.

शाफ्ट घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या टर्नरकाकांकडं गेलो. त्यांनी बेअरिंगचं खोकं उघडलंही नाही. आधी शाफ्टची सीट रॉकेलनं पुसली आणि उजेडाकडं धरली. सीटवर निळसर झाक असलेला चकचकीत पट्टा होता आणि त्याच्या कडेला ठोकलेल्या पंचाच्या खुणा, ओळीनं. "बेअरिंग नवं आणलंस रे, पण ते बसणार कशावर?" काका म्हणाले. जुनं बेअरिंग शाफ्टवरच घसरून फिरत होतं, त्यानं सीट खाल्ली होती आणि कुणीतरी पंच मारून ते घट्ट केल्यासारखं केलं होतं. पंचाच्या टोकांवर बेअरिंग चार दिवस घट्ट राहतं, मग टोकं झिजतात आणि परत तेच. शिवाय ते मधोमध बसत नाही ते वेगळंच. काकांनी सीटचा व्यास तीन जागी आणि प्रत्येक जागी आडवा-उभा असा मोजला, वहीत आकडे लिहिले आणि सीट भरून, लेथवर शाफ्ट दोन्ही सेंटरांवर धरून, परत मापावर आणली. डायल लावून शाफ्ट वाकडा नाही याचीही खात्री केली. या एका कामाचे पैसे बेअरिंगच्या किमतीच्या जवळ गेले. माझ्या मते सगळ्या खर्चात सोन्याचा रुपया हाच.

बसवताना तीन गोष्टींवर मी अडून बसलो. शाफ्ट सोडण्याआधीच योक (क्रॉस धरणारे कान), फ्लँज (जोडाची चकती) आणि स्प्लाइनवर (सरकत्या जोडाच्या दात्यांवर) पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या, त्या जुळवूनच शाफ्ट चढवला. क्रॉसचा सांधा कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेग कमीजास्त करतो. पुढच्या-मागच्या योक ओळीत असतील तर एकाची कसर दुसरा भरून काढतो. स्प्लाइन एक दात जरी चुकली तरी ती ओळ मोडते आणि कितीही चांगलं बेअरिंग असो, गाडी हलते. दुसरं, बेअरिंग प्रेसवर आतल्या रिंगेवर नळी टेकवून दाबलं. बाहेरच्या रिंगेवर हातोडा मारला की गोळ्यांचे वळ आतल्या वाटेवर उमटतात, आणि महिन्याभरात घूं परत येतो. तिसरं, ब्रॅकेटचे बोल्ट आधी हातानं लावले, गाडी चाकांवर उतरवली, थोडी पुढं-मागं घेतली, रबर पिळलेलं नाही हे बघितलं आणि मगच आवळले. चिखल अडवणारी पत्र्याची वाटी जुनी चेपली होती, तीही नवी टाकली. मागच्या क्रॉसच्या टोप्यांशी लाल भुकटी दिसली, म्हणजे आत ग्रीस संपून गंज चालू. तो क्रॉसही बदलला.

आता वापराचा अनुभव. चढावर सुटतानाची धडधड जवळपास गेली. जवळपास म्हणतो, कारण चिरा काठोकाठ असला आणि चढ खडा असला तर अजून एक हलकी थरथर येते. तिचं कारण बेअरिंग नाही. आधीच्या मालकानं मागं जादा पाटा टाकलाय, त्यानं मागची बाजू उचलली गेली आणि डिफच्या तोंडाचा कोन कंपनीनं ठेवला तसा राहिला नाही. पाटा काढला तर चिऱ्याच्या वजनानं गाडी मागं खाली बसते. कोन सुधारायला एक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालायची असते, ते काम कमानवाल्याकडं पुढच्या महिन्यात ठरलंय.

घूं पूर्ण गेला आणि अजून आलेला नाही. पावसाळ्यात घाटातल्या लोंढ्यांतून, खड्ड्यांतल्या पाण्यातून गाडी गेली. श्रावण संपल्यावर गाडी घोड्यांवर घेऊन बघितलं : सील जागेवर, ग्रीस बाहेर आलेलं नाही, हातानं फिरवताना शाफ्ट गुळगुळीत. हंगामाच्या मध्यावर परत बघितलं, तेच. रबराला बारीक भेगही नाही, आणि गिअरबॉक्सच्या नव्या ऑइल सीलमुळं तेलाचा थेंबही नाही. भरपूर अंतर धावून आल्यावर बेअरिंगच्या ब्रॅकेटला हात लावला तर कोमट लागतं, चटका बसत नाही.

देखभाल म्हणाल तर या बेअरिंगला ग्रीस मारायचंच नाही, ते सीलबंद आहे. कुणी सील उचकटून ग्रीस भरायला लागला तर थांबवा. क्रॉसना मात्र ग्रीस गनानं नियमित द्यायचं, चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून आलं नाही, तर तो क्रॉस सोडून बघायचा.

एकानं विचारलं की दुसरं बेअरिंग गाडीत जवळ ठेवतोस का. नाही ठेवत. प्रेस आणि पुलरशिवाय ते रस्त्यावर बदलता येत नाही. त्याऐवजी डिफच्या फ्लँजला बसणारे दोन पाने टूलबॉक्समध्ये ठेवलेत. मधेच बेअरिंगनं दगा दिला, तर गाडी ओढून न्यायच्या आधी मागचा शाफ्ट फ्लँजपासून सोडून काढून घ्यायचा, म्हणजे चाकांबरोबर तो फिरत नाही आणि तुटक्या ब्रॅकेटवर आपटून गिअरबॉक्सचं तोंडही फोडत नाही. सोडायच्या आधी तिथंही रंगाची किंवा छिन्नीची खूण करा, आणि चारही बोल्ट नटांसकट एका पिशवीत.